फाईलमध्ये जे लिहिलेलंच नाही: जेसन कॉन्फिग जावात वाचताना

एक बॅकअप घेणारा प्रोग्रॅम समजा. रोज रात्री एका फोल्डरची प्रत काढायची आणि ठरावीक दिवसांपेक्षा जुन्या झालेल्या प्रती पुसून टाकायच्या, एवढंच त्याचं काम. किती दिवस, ते कोडमध्येच लिहून टाकलं तर आकडा बदलायला दर वेळी प्रोग्रॅम नव्याने बिल्ड करावा लागेल. म्हणून सेटिंग्जची वेगळी कॉन्फिग फाईल केली, जेसन या मजकुरी स्वरूपात. प्रोग्रॅम जावा भाषेत आहे:

{
  "स्रोत": "/माहिती/छायाचित्रे",
  "ठिकाण": "/बॅकअप",
  "जतनदिवस": ३०,
  "समांतरप्रती": ४
}

नावं मराठीत ठेवली आहेत, कारण जेसनला कुठल्याही लिपीतली नावं चालतात आणि जावाच्या फील्डलाही, म्हणजे मूल्य ठेवायच्या जागेलाही, मराठी नाव देता येतं. अंकांना मात्र ही सूट नाही. जेसनच्या व्याकरणात फक्त इंग्रजी अंक बसतात. इथे देवनागरी अंक छापलेत ते वाचायला सोपं जावं म्हणून. खऱ्या फाईलमध्ये पार्सर, म्हणजे मजकूर वाचून उलगडणारा कोड, ते नाकारेल.

आता कुणीतरी ही फाईल हाताने सुधारताना ‘जतनदिवस’ऐवजी ‘जतनदीवस’ लिहिलं. एक वेलांटी ऱ्हस्वाची दीर्घ झाली. जेसन म्हणून फाईल निर्दोष आहे: कंस जुळतात, अवतरणचिन्हं जागेवर आहेत. प्रोग्रॅम सुरू होतो. जावाच्या क्लासमध्ये, म्हणजे डेटाच्या साच्यात, ‘जतनदिवस’ नावाचं इंट (पूर्णांक) प्रकारचं फील्ड आहे, त्याला फाईलमधून काहीच मिळत नाही, आणि ज्या इंट फील्डला काहीच दिलं नाही त्यात जावा शून्य ठेवते. प्रोग्रॅम शून्य वाचतो, शून्य दिवसांपेक्षा जुन्या सगळ्या प्रती शोधतो आणि पुसतो. एररची एक ओळसुद्धा कुठे उमटत नाही.

जेसन जावात कसं वाचायचं याचं उत्तर शोधलं तर बहुतेक ठिकाणी दोन ओळी मिळतात: जॅकसन या लायब्ररीचा (तयार कोडच्या संचाचा) एक ऑब्जेक्टमॅपर बनवा, त्याच्या रीडव्हॅल्यू मेथडला फाईल आणि क्लास द्या, झालं. त्या दोन ओळी बरोबरच आहेत. पण त्या सांगतात फाईलमध्ये जे आहे त्याचं काय होतं. जे नाही त्याचं काय होतं, हे त्यांत येत नाही, आणि माझ्या मते कॉन्फिग वाचण्यातलं खरं काम तेच आहे.

दोन ओळींच्या आत काय घडतं

जेसनचा जन्म २००० च्या दशकाच्या सुरुवातीचा. डग्लस क्रॉकफर्ड यांनी जावास्क्रिप्टच्या लिखाणातला एक छोटा तुकडा उचलून त्याला स्वतंत्र नाव दिलं. आज त्याचं प्रमाण आरएफसी ८२५९ या २०१७ च्या दस्तऐवजात आहे आणि ते एका बैठकीत वाचून होण्याइतकं लहान आहे. मूल्यं मोजून सहा प्रकारची: ऑब्जेक्ट, यादी, मजकूर, आकडा, खरं-खोटं आणि नल, म्हणजे ‘काहीच नाही’. बस. तारीख नाही, कालावधी नाही, फाईलचा पत्ता नाही, पूर्णांक आणि दशांश असा भेदही नाही.

जावा याच्या अगदी उलट स्वभावाची. तिला प्रत्येक गोष्टीचा प्रकार आधी सांगावा लागतो: इंट की लाँग, डबल की बिगडेसिमल, स्ट्रिंग की पाथ. जेसन वाचण्याची सोय जावाच्या मूळ संचात अनेक वर्षं आलीच नाही, त्यामुळे हे काम बाहेरच्या लायब्रऱ्यांकडे गेलं. सर्वाधिक दिसणाऱ्या दोन म्हणजे जॅकसन आणि गूगलची जीसन.

लायब्ररी काम करते ते दोन टप्प्यांत. आधी मजकुराचे तुकडे पाडले जातात: इथे ऑब्जेक्ट उघडला, हे नाव, हा आकडा, इथे ऑब्जेक्ट मिटला. मग रिफ्लेक्शन वापरून, म्हणजे प्रोग्रॅम चालू असतानाच क्लासची रचना तपासून, या नावाशी जुळणारं फील्ड, सेटर (मूल्य आत ठेवणारी मेथड) किंवा कन्स्ट्रक्टरचा (ऑब्जेक्ट बनवणाऱ्या कोडचा) पॅरामीटर आहे का, ते पाहिलं जातं. जुळलं तर मूल्य त्या प्रकारात बदलून आत ठेवायचं. नाव अक्षराला अक्षर जुळावं लागतं, लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांसकट. फाईलमधली नावं अंडरस्कोरने जोडलेली आणि जावातली कॅमलकेसमध्ये (शब्द जोडून, पुढच्या शब्दाचं पहिलं अक्षर मोठं) असतील तर जॅकसनला नावांची पद्धत एकदा सांगता येते किंवा एकेका फील्डवर जेसनप्रॉपर्टी हे अ‍ॅनोटेशन, म्हणजे कोडवरची खूण, लावता येतं.

या जुळवणीत तीन प्रसंग येऊ शकतात: नाव दोन्हीकडे आहे, नाव फाईलमध्ये आहे पण क्लासमध्ये नाही, आणि नाव क्लासमध्ये आहे पण फाईलमध्ये नाही. पहिल्याबद्दल कुणाची तक्रार नसते.

अनोळखी नाव

दुसऱ्या प्रसंगात दोन्ही लायब्रऱ्या वेगळ्या वागतात. जीसन अनोळखी नाव मुकाट्याने सोडून देते. जॅकसनची २ ची मालिका मूळ स्थितीत अडते आणि ‘हे नाव मला ठाऊक नाही’ असं एक्सेप्शन, म्हणजे काम थांबवणारी एरर, फेकते. त्यात ओळ, रकाना आणि क्लासला ठाऊक असलेल्या नावांची यादीही देते. आपली वेलांटीची चूक इथेच पकडली गेली असती.

पण ही तपासणी बंद करण्याचा सल्ला फार पसरलेला आहे. त्यामागे कारणही आहे. दुसऱ्या सर्व्हरकडून आलेल्या उत्तरात उद्या एखादं नवं नाव वाढलं तर आपला प्रोग्रॅम कोसळू नये, ही अपेक्षा रास्तच. नेटवर्कवरून येणाऱ्या जेसनसाठी सैल राहणं शहाणपणाचं. कॉन्फिग फाईल मात्र माणूस हाताने लिहितो, आणि ती आपल्याच प्रोग्रॅमसाठी लिहितो. तिच्यातलं अनोळखी नाव म्हणजे टंकनाची चूक, नाहीतर काढून टाकलेल्या सेटिंगचा उरलेला अवशेष. दोन्ही कळायला हवेत. म्हणून मी कॉन्फिगसाठी वेगळा ऑब्जेक्टमॅपर ठेवतो, नेटवर्कसाठी वेगळा, आणि कॉन्फिगच्या मॅपरवर ही तपासणी स्वतः लिहून चालू करतो. स्वतः लिहून, कारण जॅकसनच्या ३ च्या मालिकेत हा डिफॉल्ट उलटा झाला आहे: तिथे अनोळखी नावं आपोआप दुर्लक्षित होतात. लायब्ररीची आवृत्ती वाढवली आणि तपासणी नकळत गेली, असं व्हायला नको.

याच जातीची आणखी दोन कुलपं आहेत. एकाच ऑब्जेक्टमध्ये तेच नाव दोनदा आलं तर काय करायचं, हे जेसनचं प्रमाण ठामपणे सांगत नाही. नावं वेगवेगळी असावीत इतकीच शिफारस करते. जॅकसन बहुतेक वेळा शेवटचं मूल्य धरते. लांब फाईलमध्ये वर ३० आणि खूप खाली पुन्हा ३ असं राहून गेलं, तर वरचा आकडा बघणारा माणूस फसतो. ‘स्ट्रिक्ट डुप्लिकेट डिटेक्शन’ चालू केलं की हे पकडलं जातं. दुसरं म्हणजे २ च्या मालिकेत पहिला ऑब्जेक्ट संपल्यावर पुढे काही कचरा उरला तरी वाचन यशस्वी मानलं जातं. शेवटचा कंस चुकून मधेच मिटला की खालची सेटिंग्ज बाहेर पडतात आणि कुणाला पत्ता लागत नाही. ‘फेल ऑन ट्रेलिंग टोकन्स’ त्यासाठी आहे.

गैरहजर नाव

तिसरा प्रसंग सगळ्यात फसवा, कारण गैरहजेरीला लायब्ररी चूक मानत नाही. तिच्या दृष्टीने फाईलमध्ये जे नव्हतं ते तिने ठेवलं नाही, एवढंच. मग त्या जागी काय उरतं? इंट असेल तर शून्य, बूलियन असेल तर खोटं, आणि स्ट्रिंग किंवा इंटिजर (इंटचं ऑब्जेक्टमध्ये वेष्टित रूप) असेल तर नल.

इंट आणि इंटिजर यांतला फरक इथे सगळ्यात जास्त कामाला येतो. इंटमध्ये ‘लिहिलेलं नाही’ हे साठवायला जागाच नाही. शून्य हा एक खरा आकडा आहे. कुणी मुद्दाम शून्य लिहिलं की कुणी काहीच लिहिलं नाही, हे नंतर ओळखता येत नाही. इंटिजरमध्ये नल मावतो. म्हणून फाईलमधून वाचल्या जाणाऱ्या क्लासमध्ये मी इंट, बूलियन, डबल असे मूळ प्रकार टाळतो आणि त्यांची वेष्टित रूपं घेतो. थोडी जास्त अक्षरं टाइप करावी लागतात, पण गैरहजेरी ओळखण्याची ताकद हातात राहते.

जावा १६ मध्ये, म्हणजे २०२१ साली, रेकॉर्ड ही सोय पक्की झाली आणि कॉन्फिगसाठी तिच्याइतकं योग्य दुसरं काही मला दिसत नाही. रेकॉर्ड म्हणजे एकदा बनला की न बदलणारा डेटाचा साचा. चार घटकांची नावं आणि प्रकार एका ओळीत लिहायचे, कन्स्ट्रक्टर आपोआप मिळतो. जॅकसनला रेकॉर्ड २.१२ पासून कळतात, जीसनला २.१० पासून. त्याहून मोलाचं म्हणजे रेकॉर्डला आटोपशीर कन्स्ट्रक्टर लिहिता येतो: मूल्यं आत ठेवली जाण्याआधी त्यांच्यावरून एक नजर फिरवण्याची जागा. आपल्या उदाहरणात तिथे तीन गोष्टी करायच्या. ‘ठिकाण’ नल असेल तर थेट एक्सेप्शन, कारण प्रती कुठे ठेवायच्या याचा अंदाज प्रोग्रॅमने बांधू नये. ‘समांतरप्रती’ नल असेल तर ४ धरायचं, कारण त्याने फार तर वेग कमी-जास्त होईल. ‘जतनदिवस’ नल असेल तर पुन्हा एक्सेप्शन, आणि एकपेक्षा लहान असेल तरी एक्सेप्शन. शून्य दिवस हे कायदेशीर जेसन आहे, कायदेशीर इंट आहे, पण बॅकअपच्या दुनियेत त्याला अर्थ नाही, आणि ही गोष्ट लायब्ररीला कधीच कळणार नाही. ती आपणच सांगायची.

कुठल्या सेटिंगला डिफॉल्ट द्यायचं आणि कुठलीसाठी अडून बसायचं, याचा माझा निकष साधा आहे: डिफॉल्ट चुकीचा निघाला तर नुकसान भरून येण्यासारखं आहे का? वेग, लॉगची पातळी, पुन्हा प्रयत्न किती वेळा, यांना डिफॉल्ट खुशाल द्यावा. पुसणं, पाठवणं, पैसे वळते करणं अशा कामांशी जोडलेल्या सेटिंगला देऊ नये.

रेकॉर्डऐवजी साधा क्लास वापरला तर डिफॉल्ट फील्डसमोरच लिहिता येतो: जतनदिवस बरोबर ३०. सोपं दिसतं, पण दोन ठिकाणी पाय घसरतो. पहिलं ठिकाण जीसनचं. क्लासला पॅरामीटर नसलेला कन्स्ट्रक्टर नसेल तर जीसन कन्स्ट्रक्टर न चालवताच ऑब्जेक्ट उभा करते, त्यासाठी ती जावाच्या आतला अनसेफ नावाचा दरवाजा वापरते. कन्स्ट्रक्टर चालला नाही म्हणजे फील्डसमोर लिहिलेला ३० सुद्धा बसला नाही. फील्डमध्ये शून्य. कोड वाचणाऱ्याला डोळ्यांसमोर ३० दिसतोय आणि प्रोग्रॅम शून्यावर चालतोय, असा हा पेच. उपाय एका ओळीचा: रिकामा कन्स्ट्रक्टर लिहून ठेवणं.

दुसरं ठिकाण नलचं. फाईलमध्ये नाव आहे, पण मूल्य म्हणून नल लिहिलं आहे. ही गैरहजेरी नव्हे. लायब्ररी आज्ञाधारकपणे ३० काढून तिथे नल ठेवते. जॅकसनमध्ये ‘नल आला तर वगळ’ असं सेटरवर सांगता येतं.

जॅकसनच्या जेसनप्रॉपर्टी अ‍ॅनोटेशनमध्ये ‘रिक्वायर्ड’ असा पर्याय आहे आणि अनेकजण तो लावून निर्धास्त होतात. तो फक्त कन्स्ट्रक्टरमधून येणाऱ्या मूल्यांसाठी पाळला जातो. साध्या फील्डवर किंवा सेटरवर लावला तर वाचताना त्याचा काही उपयोग होत नाही. शिवाय तो नाव हजर आहे का एवढंच पाहतो, मूल्य नल असलं तरी त्याला चालतं. म्हणून आटोपशीर कन्स्ट्रक्टरमधली आपली तपासणी मला जास्त भरवशाची वाटते. सेटिंग्ज पन्नासच्या घरात गेली तर बीन व्हॅलिडेशन या जावातल्या तपासणीच्या सोयीची नॉटनल, मिन, मॅक्स ही अ‍ॅनोटेशन्स घ्यावीत, म्हणजे सगळ्या चुका एकदम गोळा होतात. पण लक्षात असू द्या, ती लावल्याने आपोआप काही तपासलं जात नाही. व्हॅलिडेटर कुणीतरी चालवावा लागतो.

जे वेगळंच वाचलं जातं

काही वेळा नाव हजर असतं, मूल्यही हजर असतं, पण आत पोचेपर्यंत बदललेलं असतं. जॅकसनची २ ची मालिका प्रकार जुळवताना बरीच उदार आहे. इंट हवा असताना अवतरणात मजकूर म्हणून लिहिलेला आकडा आला तर ती तो स्वीकारते. २.५ आला तर दशांश छाटून २ करते. रिकामी अवतरणं आली तर शून्य. आपल्या कहाणीत शून्याने काय केलं ते आपण पाहिलंच. ही उदारता बंद करण्याची बटणं आहेत आणि कॉन्फिगच्या मॅपरवर ती बंदच ठेवावीत.

क्लास न बनवता सगळी फाईल मॅपमध्ये, म्हणजे नाव-मूल्यांच्या जोड्यांत, वाचायचा मोह अनेकांना होतो. तिथे जीसन सगळे आकडे डबल करते, त्यामुळे ३० चा ३०.० होतो आणि पुढे इंटिजर म्हणून काढायला गेलं की क्लासकास्टएक्सेप्शन. पण मॅपवर माझा मुख्य आक्षेप वेगळा आहे. मॅपमध्ये प्रत्येक सेटिंगचं नाव कोडभर अवतरणांत विखुरतं, म्हणजे जी वेलांटीची चूक फक्त फाईलमध्ये होऊ शकत होती ती आता कोडमध्येही होऊ शकते, आणि कंपायलर मदतीला येत नाही.

यादी वाचतानाही असंच काहीसं होतं. एकाऐवजी अनेक फोल्डरांचे बॅकअप घ्यायचे ठरवलं आणि जॅकसनला ‘लिस्ट दे’ इतकंच सांगितलं, तर लिस्ट मिळते, पण तिच्या आत आपले रेकॉर्ड नसतात, लिंक्डहॅशमॅप असतात. जावाचे जेनेरिक्स, म्हणजे लिस्ट कशाची ते सांगायची सोय, २००४ मध्ये पाचव्या आवृत्तीत आले तेव्हा जुन्या कोडशी जुळवून घेण्यासाठी कंपाइल झाल्यावर त्यांची माहिती पुसली जाईल असं ठरलं. लिस्ट कशाची, हे रनटाइमला लायब्ररीला कळतच नाही. एरर येते तीही वाचताना नव्हे, तर नंतर कधीतरी, पहिला घटक वापरताना. जॅकसनमध्ये टाइपरेफरन्स आणि जीसनमध्ये टाइपटोकन याचसाठी आहेत. त्याहून सोपी वाट म्हणजे बाहेर एक रेकॉर्ड ठेवून यादी त्याचा घटक करायची. घटकाच्या घोषणेतला प्रकार क्लास फाईलमध्ये शिल्लक राहतो, त्यामुळे लायब्ररीला तो दिसतो.

कालावधीचं दुखणं एककाचं आहे. ‘थांबा: ३०’ म्हणजे तीस सेकंद की तीस मिलिसेकंद? आकडा हजर आहे, एकक गैरहजर. एकतर नावातच एकक घालावं, ‘थांबासेकंद’ असं, किंवा आयएसओ ८६०१ या तारीख-वेळ लिहिण्याच्या प्रमाणाच्या पद्धतीचा मजकूर लिहून ड्युरेशन प्रकारात वाचावं. जॅकसनच्या २ च्या मालिकेत त्यासाठी जावाटाइम मॉड्यूल वेगळं जोडावं लागतं.

विंडोजवरच्या फाईलपत्त्यांची गंमत तर आपल्याच उदाहरणाला लागू पडते. तिथे फोल्डर वेगळी करायला उलटी तिरपी रेघ वापरतात. जेसनमध्ये तीच रेघ म्हणजे ‘पुढच्या अक्षराचा खास अर्थ घे’ अशी खूण, आणि तिच्यापुढे इंग्रजी बी आला तर अर्थ होतो बॅकस्पेस. बॅकअप या शब्दाचं इंग्रजी स्पेलिंग बी ने सुरू होतं. म्हणजे पत्ता साधेपणाने लिहिला तर रेघ आणि बी दोन्ही गायब होऊन त्यांच्या जागी एक अदृश्य अक्षर बसतं, पार्सरची काही हरकत नसते. रेघ दोनदा लिहावी, किंवा सरळ पुढे झुकणारी रेघ वापरावी; जावाला विंडोजवरही ती चालते.

फाईल सापडते कुठे, वाचली जाते कशी

स्वतःच्या मशीनवर आयडीईमधून (कोड लिहायच्या प्रोग्रॅममधून) सगळं चालतं आणि जार (प्रोग्रॅमची एकत्र बांधलेली फाईल) बनवून दुसरीकडे नेलं की ‘फाईल सापडली नाही’. कारण रिसोर्सेस फोल्डरमधली फाईल जारच्या पोटात जाते आणि तिथे ती डिस्कवरची फाईल राहत नाही. फाईल क्लास तिच्यापर्यंत पोचू शकत नाही, गेटरिसोर्सअ‍ॅझस्ट्रीम पोचतो. माझी वाटणी अशी असते: डिफॉल्ट मूल्यं जारच्या आत, आणि ठिकाणागणिक बदलणारी फाईल डिस्कवर, तिचा पत्ता कमांड लाइनवरून किंवा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून. पासवर्ड या दोन्हींत नको.

मराठी मजकूर असलेल्या फाईलसाठी एक खास सूचना. जेसनच्या प्रमाणानुसार वेगवेगळ्या प्रणालींत देवाणघेवाण होणारा जेसन यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्येच (अक्षरं बाइटमध्ये साठवण्याच्या पद्धतीत) असावा. पण जावा १८ येईपर्यंत, म्हणजे मार्च २०२२ पर्यंत, फाईलरीडर चालू मशीनचं एन्कोडिंग धरत असे. जुन्या जावावर विंडोजमध्ये अशी फाईल उघडली की ‘जतनदिवस’ची अगम्य चिन्हं होतात, नाव जुळत नाही, आणि आपण परत गैरहजेरीच्या प्रसंगात येऊन पडतो. जॅकसनला रीडर न देता थेट फाईल किंवा इनपुटस्ट्रीम दिला तर ती सुरुवातीचे बाइट पाहून एन्कोडिंग स्वतः ओळखते.

जेसनमध्ये कॉमेंटला जागा नाही, याची खंत कॉन्फिग लिहिणाऱ्या प्रत्येकाला वाटते. कॉमेंट क्रॉकफर्ड यांनी जाणीवपूर्वक वगळली, कारण काहीजण कॉमेंटमध्ये पार्सरसाठी सूचना लिहू लागले होते. जॅकसनमध्ये कॉमेंट चालवून घेण्याचं बटण आहे आणि कॉन्फिगसाठी ते मी बेधडक लावतो. ‘३० का?’ हे त्या आकड्याशेजारीच लिहिलेलं असावं. ‘टीप’ नावाचं खोटं सेटिंग घालून त्यात कॉमेंट लिहिण्याची पळवाट मात्र नको, कारण तिच्यासाठी अनोळखी नावांची तपासणी ढिली करावी लागते.

एक धोक्याची खूण सांगायलाच हवी. जॅकसनमध्ये ‘डिफॉल्ट टायपिंग’ नावाची सोय आहे, जिच्यामुळे कुठल्या क्लासचा ऑब्जेक्ट बनवायचा हे जेसनच ठरवू शकतं. २०१७ पासून तिच्यावरून सुरक्षेच्या त्रुटींची मोठी मालिका नोंदली गेली. कॉन्फिगमध्ये हिची गरज पडत नाही.

वाचन झाल्यावर आणखी एक काम उरतं. प्रोग्रॅम सुरू होताना लॉगमध्ये चार ओळी छापायच्या: कुठली फाईल वाचली तिचा पूर्ण पत्ता, आणि प्रत्येक सेटिंगचं अंतिम मूल्य, त्याच्यापुढे ते फाईलमधून आलं की डिफॉल्ट म्हणून धरलं गेलं. ‘समांतरप्रती: ४, डिफॉल्ट’ अशी ओळ दिसली आणि आपण तर फाईलमध्ये ८ लिहिलं होतं, तर चूक कुठे शोधायची ते तिथल्या तिथे कळतं.